जुन्या वाड्याला जोडून कलासंग्रहालयाचे नवे दालन: आधी सांधा, मग दर्शनी भाग

आपल्या प्रश्नाचा सारांश आधी मांडतो, म्हणजे उत्तर वाचणाऱ्या इतरांनाही संदर्भ लागेल. नाशिकच्या जुन्या गावठाणात, गोदाकाठापासून फारशा लांब नसलेल्या एका दुमजली वाड्यात आपल्या न्यासाचा कलासंग्रह आहे. जलरंगातली निसर्गचित्रे, काही तैलचित्रे, कागदावरची लघुचित्रे, लाकडी कोरीवकाम, पितळी मूर्ती आणि भांडी असा तो संमिश्र आहे. वाड्यामागच्या मोकळ्या जागेत नवे दालन बांधायचे ठरले असून विश्वस्तांमध्ये दोन तट पडले आहेत. एका तटाला सुरूदार खांब आणि महिरपी असलेली, वाड्यासारखीच दिसणारी इमारत हवी आहे. दुसऱ्याला लांबून नजरेत भरणारी काचेची इमारत हवी आहे. यांपैकी कोणाचे ऐकावे आणि येणाऱ्या माणसाला चांगला अनुभव मिळण्यासाठी काय करावे, असे आपण विचारले आहे.

माझे मत असे, की दर्शनी भागाचा वाद काही महिने बाजूला ठेवावा. जुन्या इमारतीला जोडून संग्रहालय वाढवताना सर्वांत अवघड आणि सर्वांत महत्त्वाची जागा असते ती दोन्ही इमारतींच्या सांध्याची. जमिनीची पातळी तिथेच जुळत नाही, पावसाचे पाणी तिथेच आत येते, डोळ्यांना उजेडाचा फरक तिथेच जाणवतो, आणि पाहुणा गोंधळून मागे वळतो तोही तिथेच. या जागेचा नकाशा आणि उभा छेद (म्हणजे इमारत वरून खाली कापली तर आत कशी दिसेल ते चित्र) आधी पक्का झाला, तर नव्या इमारतीचे बाहेरचे रूप बऱ्याच अंशी त्यातूनच ठरते. बाहेरचे रूप आधी ठरवले आणि सांधा नंतर बसवायला घेतला, तर तो कधीच नीट बसत नाही.

याचे सर्वांत शिकण्यासारखे उदाहरण अमेरिकेतल्या कॅन्सस सिटीचे आहे. तिथले नेल्सन-अ‍ॅटकिन्स कलासंग्रहालय १९३३ मध्ये उघडले. दगडी, अभिजात शैलीतली, उंच स्तंभांची भारदस्त इमारत. १९९९ साली तिच्या विस्तारासाठी स्पर्धा झाली, तेव्हा अंतिम फेरीतल्या इतर वास्तुरचनाकारांनी नवी इमारत जुन्या इमारतीच्या उत्तरेला, तिच्या तोंडासमोर उभी करण्याचे प्रस्ताव दिले होते. स्टीव्हन हॉल यांनी ती पूर्वेच्या कडेला, शिल्पांच्या बागेच्या उताराला धरून, बरीचशी जमिनीत उतरवली. जुन्या इमारतीचे दर्शन त्यामुळे दोन्ही बाजूंनी मोकळे राहिले. २००७ मध्ये उघडलेली ही ब्लॉक बिल्डिंग सुमारे १ लाख ६५ हजार चौरस फुटांची असून तिची लांबी २५० मीटरांहून अधिक आहे. पण बागेत उभे राहिले तर दिसतात फक्त हिरवळीतून वर आलेले पाच काचेचे ठोकळे. त्यांना हॉल ‘लेन्स’ म्हणतात. त्यांच्यामधल्या भागात दालनांच्या छपरावर बागच पसरलेली आहे.

हे ठोकळे छायाचित्रात देखणे दिसतात म्हणून प्रसिद्ध झाले, पण त्यांचे खरे काम आतून कळते. त्यांची काच आरपार दिसणारी नाही. यू आकाराच्या, दुधी पृष्ठभागाच्या काचेच्या उभ्या पट्ट्यांची भिंत आहे आणि मध्ये पोकळी आहे. बाहेरचा उजेड या पोकळीतून गाळून आत येतो. तो पुढे ‘टी’ अक्षरासारख्या वक्र भिंतींवरून घसरत खाली दालनात उतरतो, आणि याच भिंतींच्या पोटातून हवेचे डक्ट नेले आहेत. चालणाऱ्याला मात्र यातले काही जाणवत नाही. तो उताराने दालनामागून दालन उतरत जातो, मध्येच एका बाजूला खिडकी येते, बाहेरची हिरवळ आणि एखादे शिल्प दिसते, आणि पुढच्या दालनात शिरण्याआधी त्याच्या डोळ्यांना आणि मनाला क्षणभर विसावा मिळतो. लांबच लांब इमारत असूनही ती बोगद्यासारखी वाटत नाही, याचे कारण या खिडक्यांच्या जागा आहेत. प्रवेशाचाही असाच विचार आहे. समोरच्या अंगणात पाण्याचे उथळ तळे आहे, त्याच्या तळाला गोल झरोके बसवले आहेत आणि त्यांतून खालच्या पार्किंगमध्ये दिवसा पाण्यातून हलता उजेड पडतो. गाडी लावून बाहेर पडलेल्या माणसाचा अनुभव तिथूनच सुरू होतो. वाहनतळाला इतका मान देणारे संग्रहालय मला दुसरे माहीत नाही.

टेक्सासमधल्या किम्बेल कलासंग्रहालयाची गोष्ट प्रवेशाचीच आहे. लुई कान यांची १९७२ ची ती इमारत जगातल्या उत्तम संग्रहालय-वास्तूंमध्ये गणली जाते. लोकांनी पश्चिमेकडून, झाडांच्या राईतून चालत यावे, अशी कान यांची कल्पना होती. प्रत्यक्षात बहुतेक लोक पूर्वेला गाडी लावून खालच्या मजल्याच्या दाराने आत जात राहिले. २०१३ मध्ये रेन्झो पियानो यांनी पश्चिमेला स्वतंत्र दालन बांधले, तेव्हा वाहनतळ त्याच्या खाली घेतला. गाडीतून उतरून वर आलेल्या माणसाच्या समोर आता कान यांची पश्चिम बाजू येते. नव्या इमारतीने जुन्या इमारतीचे राहून गेलेले एक काम पूर्ण केले. विस्तार करताना स्वतःला विचारावा असा हा प्रश्न आहे: आपल्या वाड्याचे कोणते राहून गेलेले काम नव्या दालनाने पुरे होईल?

लंडनच्या नॅशनल गॅलरीचा सेन्सबरी विंग १९९१ मध्ये उघडला. वेंचुरी आणि स्कॉट ब्राउन यांनी त्यात एक गोष्ट फार चोख केली. नव्या दालनांची जमीन त्यांनी जुन्या इमारतीच्या मुख्य मजल्याच्या पातळीला आणली आणि मधल्या गल्लीवर गोलाकार पूल टाकून दोन्हीकडची दालने एका रेषेत जोडली. तळमजल्यावरचा प्रवेशकक्ष मात्र ठेंगणा आणि खांबांनी भरलेला राहिला. त्यांतले काही खांब कसलाही भार न घेणारे, केवळ दिसण्यासाठी होते. देणगीदार जॉन सेन्सबरी यांना ते पसंत नव्हते. नूतनीकरणात असा एक खांब तोडला, तेव्हा त्याच्या आत त्यांनी १९९० साली लिहून ठेवलेले पत्र सापडले: हे खांब म्हणजे चूक आहे आणि कधीतरी ते काढले जातील याचा आपल्याला आनंद आहे, अशा आशयाचे. प्रवेशकक्ष मोकळा आणि उजेडाचा करून हा विंग २०२५ मध्ये पुन्हा उघडला. आपल्या विश्वस्तांपैकी ज्यांना महिरपींचा मोह आहे त्यांनी हा प्रसंग जरूर लक्षात घ्यावा, कारण भार न घेणारे सुरूदार खांब आपल्याकडेही हौसेने उभारले जातात आणि नंतर त्यांच्याभोवती फेरी मारत चित्रे पाहावी लागतात.

आपल्या देशातली उदाहरणे पाहायला जाणे सोपे आहे, म्हणून विश्वस्तांनी आणि वास्तुविशारदाने ती एकत्र जाऊन पाहावीत. मुंबईत सर कावसजी जहांगीर सभागृहात, म्हणजे १९११ च्या जुन्या वास्तूच्या पोटात, मजले घालून राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय तयार केले आणि ते १९९६ मध्ये उघडले. बाहेरचे कवच तसेच आहे, विस्तार आत झाला आहे, आणि आपण अर्धगोल मजल्यांवरून वर चढत घुमटाखाली पोचतो. दिल्लीत याच संस्थेच्या, १९३६ च्या जयपूर हाउसमागे २००९ मध्ये त्याच्या कैक पटींनी मोठी नवी इमारत उभी राहिली. जुन्या वास्तूशी तिचे नाते कसे आहे, हे तिथे चालूनच ठरवावे. भायखळ्याच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या नव्या इमारतीची स्पर्धा २०१४ मध्ये याच स्टीव्हन हॉल यांनी जिंकली होती. छताला चिरा देऊन आत गाळलेला उजेड घेणारी, पावसाचे पाणी तळ्यात साठवणारी ती रचना होती, पण ती प्रत्यक्षात उतरली नाही. मोकळ्या जागेवर बांधणे म्हणजे लोकांच्या वापरातली जागा घेणे असते, आणि तो प्रश्न शहरात नेहमी उठतो. आपल्या मागच्या अंगणात आज आळीतली मुले खेळत असतील, तर त्याचाही विचार आराखड्यात आला पाहिजे.

आता आपल्या वाड्याकडे येतो. नव्या दालनाला मागच्या रस्त्यावरून स्वतंत्र दार द्यावे, अशी सूचना कोणीतरी करेलच. ती मान्य करू नये, असे मला फार मनापासून वाटते. मे महिन्यात नाशिकच्या रस्त्यावर दुपारी सुमारे १ लाख लक्स (लक्स हे उजेड मोजण्याचे एकक) इतका उजेड असतो. जलरंगातल्या चित्रांसाठी आणि कागदावरच्या लघुचित्रांसाठी जगभरातली संग्रहालये ५० लक्सची मर्यादा पाळतात. रस्त्यावरून थेट अशा दालनात शिरलेल्या माणसाला पहिली काही मिनिटे सगळे काळेच दिसते, आणि दालनात दिवे कमी आहेत अशी तक्रार तो वहीत लिहून जातो. वाड्यात हा प्रश्न पूर्वजांनी सोडवून ठेवलेला आहे. दिंडी दरवाजातून वाकून आत आले की देवडीची सावली, मग वरून उघडा पण उन्हाच्या झोतातून वाचलेला चौक, मग काही हजार लक्सची ओसरी, तिच्या आत शे-दोनशे लक्सची पडवी किंवा माजघर. एवढे अंतर चालून आलेल्या माणसाचे डोळे ५० लक्सला तयार झालेले असतात. म्हणून पाहुण्याने वाड्याच्या दिंडीनेच आत यावे, चौक ओलांडावा, ओसरीवर टेकावे, जुन्या खोल्या पाहाव्यात आणि सर्वांत शेवटी नव्या दालनात जावे. ज्यांना दिंडीचा उंबरठा आणि पायऱ्या चढवत नाहीत, त्यांच्यासाठी १ ला १२ या उताराचा रॅम्प आणि रुंद दार बाजूने द्यावे लागेल. मात्र त्या दारानेही माणूस चौकातच आला पाहिजे, मागच्या स्टोअरच्या बोळात नव्हे.

सांध्याची जागा मी अरुंद, थोडी ठेंगणी आणि एका बाजूने उघडी ठेवीन. वाड्याच्या जाड भिंतीतून बाहेर पडल्यावर एका हाताला झाड किंवा आकाश दिसावे, बसायला पाठ टेकता येईल असे बाक असावे आणि तिथल्या भिंतीवर काहीही टांगू नये. लोकांना तिथे बोलू द्यावे. दोन वेगवेगळ्या काळांतल्या वास्तूंमधून जाताना हा श्वास हवा असतो, आणि बांधकामाच्या दृष्टीनेही इथली रचना हलकी असलेली बरी.

पातळीबद्दल एक पाहिलेली गोष्ट सांगतो. एका जिल्ह्याच्या ठिकाणच्या संग्रहालयात जुन्या इमारतीचे जोते नव्या इमारतीपेक्षा दीड-दोन फूट उंच होते आणि दोहोंमध्ये तीन पायऱ्या दिल्या होत्या. पायऱ्यांना आणि जमिनीला एकाच रंगाची, एकाच गुळगुळीत पॉलिशची फरशी. एक वयस्कर बाई मुलासुनेबरोबर आल्या होत्या. पायरी कुठे संपते ते त्यांना दिसेना, म्हणून त्या हाताने भिंत चाचपत उतरल्या. खाली आल्यावर समोर सुंदर लघुचित्रांची रांग होती, पण त्या वळून म्हणाल्या, ‘परत वर चढायचंय ना, तुम्ही बघून या, मी बसते इथे.’ बसायला तिथे काही नव्हते. संग्रहालयातला सर्वांत मौल्यवान भाग त्या कुटुंबाने घाईघाईत पाहिला. वाड्याच्या जोत्याची पातळी मोजून नव्या दालनाची जमीन तंतोतंत तिथेच आणली, तर असे होणार नाही. मागची जमीन खोल असेल तर भरावाचा किंवा खालच्या मोकळ्या जागेचा खर्च येईल. तो करावा.

खालच्या जागेचा विषय निघालाच आहे, तर तळघराबद्दल स्पष्ट सांगतो. कॅन्सस सिटी आणि पॅरिस इथल्या गाजलेल्या विस्तारांमुळे जमिनीखाली दालने करण्याची कल्पना आकर्षक वाटते. पॅरिसच्या लूव्र संग्रहालयाच्या, १९८९ मध्ये उघडलेल्या काचेच्या पिरॅमिडने विखुरलेले प्रवेश एका जमिनीखालच्या दालनात एकत्र आणले, हे त्याचे मोठे काम. पण जून २०१६ मध्ये सीन नदीला पूर आला, तेव्हा संग्रहालय काही दिवस बंद ठेवून खालच्या कोठारांतल्या वस्तू वर हलवाव्या लागल्या, आणि पुढे २०१९ मध्ये लिएव्हँ या दूरच्या गावी सुरक्षित साठवण केंद्र उघडले. आपण तर गोदाकाठचे लोक आहोत. पाणी नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कमरेला लागले की गळ्याला, काठावरच्या नारोशंकर मंदिराच्या घंटेपर्यंत आले का, यावर इथे पूर मोजला जातो. १९६९ चा, २००८ चा आणि २०१६ चा पूर पाहिलेली माणसे आपल्या आळीत असतील. त्यांना विचारून वाड्याच्या कोणत्या पायरीपर्यंत पाणी आले होते याची खूण भिंतीवर करून घ्यावी. त्या खुणेच्या खाली चित्र, कोठार, विजेचे पॅनेल, लिफ्टचे यंत्र यांपैकी काहीही ठेवू नये. शिवाय आपल्याकडे थोड्या खोलीवर काळा पाषाण लागतो. तो ब्रेकरने फोडताना बसणारे हादरे चुन्यात आणि मातीत बांधलेल्या जुन्या भिंतींना सोसत नाहीत.

याच कारणासाठी नव्या इमारतीचे खांब आणि पाया वाड्याच्या पायापासून पुरेशा अंतरावर घ्यावेत, आणि दोन्ही रचना एकमेकींना कुठेही टेकू नयेत. भूकंपात दोन्ही वेगवेगळ्या हलणार, म्हणून मध्ये फट ठेवावी लागते आणि ती वरून झाकावी लागते. वाड्याच्या कौलारू उतारावरचे पाणी आणि नव्या स्लॅबचे पाणी एकाच पन्हाळीत सोडण्याचा मोह स्ट्रक्चरल नकाशात अगदी सरळ दिसतो. पिंपळाची पाने पडून ती पन्हाळ तुंबली की पाणी नेमके आतल्या बाजूला उतरते. दोन्ही छपरांनी आपापले पाणी बाहेरच्या बाजूला टाकावे, आणि सांध्याचे हलके छप्पर वाड्याच्या वळचणीखाली सरकलेले असावे, म्हणजे वरून गळलेला थेंबही बाहेरच पडतो.

उजेडाच्या बाबतीत एक गैरसमज इतका रुजलेला आहे, की तो थोडा विस्ताराने सांगायला हवा. चित्रांच्या दालनाला उत्तरेचा उजेड द्यावा, असे आपण सर्वजण पुस्तकांतून शिकतो. तो नियम ज्या देशांत तयार झाला, तिथे भर दुपारचा सूर्य वर्षभर दक्षिणेकडेच झुकलेला असतो. नाशिक २० अंश उत्तर अक्षांशावर आहे. इथे २० मेच्या सुमारास सूर्य भर दुपारी डोक्यावर येतो, त्यानंतर तो उत्तरेकडे सरकतो आणि २३ जुलैच्या सुमारास पुन्हा डोक्यावर येऊन दक्षिणेला वळतो. मधल्या दोन महिन्यांत मध्यान्हीचा सूर्य किंचित उत्तरेला असतो, आणि जूनमध्ये तो उगवतो व मावळतो ते पूर्व-पश्चिम रेषेच्या तब्बल २५ अंश उत्तरेला. म्हणजे उत्तरेकडे तोंड असलेल्या झरोक्यातून जूनच्या सकाळी आणि संध्याकाळी तिरपे ऊन थेट भिंतीवर येऊ शकते. उत्तरेचा झरोका जरूर घ्यावा, पण त्याला दोन्ही बाजूंनी खोल उभ्या पट्ट्या आणि वर रुंद छज्जा हवा. आडवी, आकाशाकडे तोंड केलेली काच मात्र घेऊच नये. उन्हाळ्यात तिच्यातून सूर्य सरळ खाली उतरतो, पावसाळ्यात तिचा सांधा गळतो आणि वर्षभर तिच्यावर धूळ बसते. तीस फुटांवरची काच दर महिन्याला कोण पुसणार, याचे उत्तर खर्चासह लिहून घेतल्याखेरीज काचेच्या कोणत्याही मोठ्या प्रस्तावाला होकार देऊ नये. आलेला उजेड आधी वक्र किंवा तिरक्या पांढऱ्या छतावर पडू द्यावा आणि तिथून परतून भिंतीवर यावा. तैलचित्रांना २०० लक्सपर्यंत चालते, त्यामुळे असा उजेड त्यांच्या भागात ठेवावा. कागदाच्या भागात दिवेच असावेत आणि अतिनील किरणांचे प्रमाण प्रत्येक ल्युमेनमागे ७५ मायक्रोवॅटच्या आत राखावे. रोज ८ तास, वर्षातले ३०० दिवस ५० लक्स उजेड दिला तरी त्या चित्रावर १ लाख २० हजार लक्स-तास पडतात. रंग उडण्याचे प्रमाण या बेरजेवर ठरते. म्हणून जलरंगांची चित्रे तीन-चार महिन्यांनी बदलत राहावीत, आणि हे बदलणे सोपे जावे म्हणून कोठार दालनाला लागून, त्याच पातळीवर असावे.

चित्राची काच आणि समोरची खिडकी यांचे नाते नकाशावर कोणी तपासत नाही. काळसर तैलचित्रासमोर खिडकी असली, तर पाहणाऱ्याला चित्राऐवजी स्वतःचा पांढरा सदरा दिसतो. खिडकी नेहमी बाजूच्या भिंतीत किंवा दोन दालनांच्या मधल्या जागेत घ्यावी.

हवामानाचा विचार करताना कोणती वस्तू कुठे राहील, हे आधी ठरवावे. आषाढ-श्रावणात नाशिकची आर्द्रता अनेक दिवस ८० टक्क्यांच्या वर राहते आणि वैशाखातल्या दुपारी २५ टक्क्यांच्या आसपास उतरते. वाड्याच्या जाड भिंती हा चढउतार मंद करतात, पण तो थांबवू शकत नाहीत. दगड, पितळ आणि बहुतेक लाकडी कोरीवकाम या मंद बदलात टिकते. वाळवीवर मात्र बारकाईने लक्ष ठेवावे लागते. कागद टिकत नाही, कारण ६५-७० टक्क्यांच्या पुढे बुरशी धरते. म्हणून मूर्ती, भांडी आणि लाकूडकाम वाड्यातच राहू द्यावे, कारण ते तिथलेच आहे आणि खांब-तुळयांच्या सान्निध्यात शोभतेही. चित्रे नव्या दालनात न्यावीत. मोठ्या संग्रहालयांच्या संचालकांनी अलीकडच्या काळात मान्य केलेली मर्यादा १६ ते २५ अंश तापमान आणि ४० ते ६० टक्के आर्द्रता अशी आहे. पूर्वीच्या फार कडक आकड्यांपेक्षा ती आपल्याला परवडण्याजोगी आहे. दिवसा एसी लावून संध्याकाळी सहाला तो बंद करण्याची पद्धत मात्र सर्वांत घातक ठरते. त्यापेक्षा जाड भिंतींचे, घट्ट बंद होणारे छोटे दालन आणि पावसाळाभर रात्रंदिवस चालणारा, हवेतला ओलावा काढून घेणारा डिह्युमिडिफायर जास्त उपयोगी.

पाहुण्याच्या थकव्याबद्दल फार जुना अभ्यास आहे. बॉस्टनच्या ललित कला संग्रहालयाचे सचिव बेंजामिन आइव्ह्ज गिलमन यांनी १९१६ मध्ये एका माणसाला मांडणीतल्या वस्तू नीट पाहायला सांगून त्याची छायाचित्रे घेतली. कपाटाच्या खालच्या फळीसाठी तो जवळजवळ जमिनीवर बसला आहे, उतरत्या काचेवर ओणवा झाला आहे, मान वाकडी करून पाटी वाचतो आहे. शंभर वर्षांनंतरही आपल्याकडची बहुतेक कपाटे तशीच आहेत. चित्राचा मध्य जमिनीपासून साधारण १४५ सेंटिमीटरवर ठेवावा, कारण पाहणाऱ्यांमध्ये शाळेतली मुले आणि बसून पाहणारी माणसेही असतात. पाटी मराठीत आधी असावी, मोठ्या अक्षरात, आणि चित्राच्या बाजूला. खाली गुडघ्याशी नसावी. नव्या दालनाला दोन दारे हवीत, म्हणजे एका दाराने आत येऊन फेरी पुरी करून दुसऱ्याने परत चौकात येता येते. पण दुसरे दार दालनात शिरताच डोळ्यांसमोर दिसू नये, कारण दार दिसले की माणसे त्या दिशेने चालू लागतात आणि मधली भिंत न पाहताच बाहेर पडतात.

शाळेची सहल आली की पन्नास मुले एकदम येतात, आणि सिंहस्थात तर पर्वणीखेरीजच्या दिवशीही यात्रेकरू गाठोडी-पिशव्यांसह येतील. त्यांच्यासाठी चौक हीच जमण्याची जागा ठरवावी. पाणी, स्वच्छतागृह, सामान ठेवण्याची खोली आणि चपलांची सोय तिकिटाच्या अलीकडे असावी. हे सर्व नव्या इमारतीत कोंबण्यापेक्षा वाड्याच्या पुढच्या, कमी महत्त्वाच्या खोल्यांत बसते का, ते आधी पाहावे. लूव्रचा प्रवेशकक्ष वर्षाला साधारण ४५ लाख लोकांसाठी आखला होता आणि तिथे त्याच्या दुप्पट लोक येऊ लागले, तेव्हा तोच अडचणीचा झाला. आपले आकडे लहान आहेत, पण गर्दीच्या दिवसाचा अंदाज आपल्यालाही धरावा लागेल.

इतके ठरल्यावर दर्शनी भागाचा वाद बराच निवळलेला असेल. वाड्याचे जे घ्यायचे ते माप घ्यावे: दोन खांबांमधल्या खणाची रुंदी, जोत्याची रेषा, वळचणीची उंची, भिंतीची जाडी, आणि उघड्या-बंद भागांचे प्रमाण. वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरीची १९७८ ची ईस्ट बिल्डिंग बांधताना आय. एम. पेई यांनी जुन्या इमारतीचाच टेनेसी संगमरवर वापरला आणि आकार मात्र त्रिकोणांचा, पूर्णपणे आपल्या काळाचा ठेवला. दोन्ही इमारती रस्त्याखालून जोडल्या. काळारामाच्या देवळात आणि सिन्नरच्या गोंदेश्वरात ज्या पाषाणाचे काम आहे तो आपल्या पायाखालीच आहे. जोत्यापर्यंत तो, वर चुन्याचा गिलावा, सांध्यापुरती काच आणि लाकूड, एवढ्यात दोन्ही तटांना समाधान मिळण्याजोगी इमारत होऊ शकते. नवी इमारत वाड्याच्या वळचणीपेक्षा उंच जाऊ नये, एवढा एक आग्रह मी धरीन.

परवानग्यांबाबत थोडक्यात: केंद्रीय संरक्षित स्मारकापासून १०० मीटरपर्यंत नव्या बांधकामाला बंदी आहे आणि त्यापुढच्या २०० मीटरांत परवानगी लागते. राज्य संरक्षित वास्तू किंवा महापालिकेच्या वारसा यादीतली वास्तू जवळ असेल तर तेही नियम पाहावे लागतील. ही चौकशी वास्तुविशारद नेमण्यापूर्वीच लेखी करून घ्यावी.

आणि नेमणुकीपूर्वीच करण्याचे दुसरे काम म्हणजे मोजमाप. आर्द्रता आणि तापमान नोंदवणारे छोटे डेटालॉगर फार महाग नसतात. वाड्याच्या तीन-चार खोल्यांत, आणि नवे दालन येणार त्या जागेच्या सावलीत एक, असे ते बसवून वैशाखापासून दिवाळीपर्यंतच्या नोंदी ठेवाव्यात. सोबत जोत्याच्या पातळ्या, खणांची मापे, जुन्या पुराची खूण आणि दर महिन्याला चौकात दुपारी बाराला सावली कुठे पडते त्याचे छायाचित्र, एवढे कागद वास्तुविशारदाच्या हातात पहिल्याच बैठकीत द्यावेत, आणि त्याच्याकडून सर्वांत आधी वाडा, सांधा व नवे दालन एकत्र दाखवणारा उभा छेद मागावा.